माझ्या खात्यापुढचा शेरा

टर्मिनलवर बसणाऱ्या सगळ्यांनो, ही सूचना कोणी पुसायच्या आत वाचा.

आज दुपारी कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये मी सगळ्यांची लॉगिनची खाती पडद्यावर काढली. प्रत्येक खात्यापुढे आणि गटापुढे एक शेरा साठवलेला असतो, कोण कशाचं काम करतं ते कळावं म्हणून. कोणापुढे ‘चुनखडीची खाण’ होतं, कोणापुढे ‘पॅकिंग’.

माझ्यापुढे होतं, ‘कोट्यातली’.

डोकं तापलं. खाती उघडून देणाऱ्या मोरेश्वरभाऊंना तिथेच हाक मारली.

“भाऊ, हे काऊन लिहिलं?”

“अवो बाई, ते मशीनसाठी हाय. कोन वाचते ते?”

“मी वाचलं ना!”

खोलीतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. भाऊंनी शेरा पुसला. रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, “मंग काय लिहू?”

“बाकीच्यायच्या पुढे लिहिलं तेच लिहा. काम.”

त्यांची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली.

“बाई, तुमी काम काय करता?”

रोज शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसतो आम्ही.

तुमच्या नावापुढे काय लिहिलंय, कधी पाहिलंत?