मी केलेली सोय
गॅरेजमधल्या जळक्या ऑइलचा वास आला की मला वीसेक वर्षांपूर्वीचं काशीमीऱ्याचं ते जोडपं आठवतं आणि स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते. म्हातारा आमच्या बिल्डिंगचा वॉचमन होता. सोसायटीने नवा माणूस ठेवला, तशी नोकरीबरोबर जिन्याखालची खोलीही गेली आणि नवराबायको एका बंद गॅरेजच्या पत्र्याखाली राहू लागले. मी, सुट्टीचा समाजसेवक, थेट रिक्षा घेऊनच पोचलो आणि दोघांना गाठोड्यासकट निवारा केंद्रावर नेलं. आधी चौकशी करावी, एवढी अक्कल कुठली! तिथला माणूस म्हणाला, “इथे फक्त जेन्ट्स. लेडीजचं ठाण्याला.” “अहो, नवराबायको आहेत!” “मग घरी राहायचं ना, साहेब.” चरफडत परत आलो, तर पत्र्याखाली एका टायरवाल्याने दुकान मांडलेलं. “खाली था, तो ले लिया,” तो म्हणाला. मी तावातावाने म्हातारीला म्हटलं, “थांबा आजी, दुसरीकडे बघतो.” तिने घाईने गाठोडं काखेला मारलं. “नको बाबा, तुमी आता घरी जावा,” ती म्हणाली, “दिवस हाय तोवर आमाला जागा बगू द्या.”