राळेची टाकी

कोणतीही बंद वस्तू दिसली की ती पाण्यात बुडवून पाहायची, ही आमच्या मिस्त्रींची खोड. मूल गावातल्या ज्या धानगिरणीत मी वजनकाट्यावर होतो, तिथलं इंजिन ते सांभाळायचे. घागर असो की सायकलची ट्यूब, आधी हौदात जायची. मुनीमजींनी एकदा नवं घड्याळ दाखवून ‘याला पाण्याचं भय नाही’ अशी फुशारकी मारली. मिस्त्रींनी ते सरळ बादलीत सोडलं. बुडबुडे आले, घड्याळ थांबलं, आणि वर म्हणतात कसे, “पानी खोटं बोलत नाई, मुनीमजी!”

अशा माणसाने विमान बांधायला घेतलं. तुम्ही हसाल, आम्हीही पोट धरून हसलो. पण गिरणीमागच्या छपरीत सांगाडा उभा राहिला, भंगारातून आणलेलं इंजिन बाटलीभर पेट्रोलवर घुमलं, तेव्हा आमचं हसू आटलं.

मिस्त्रींचं घराणं ढिवरांचं, डोंग्यांतून म्हणजे लहान होड्यांतून मासे धरणारं. पेट्रोलची टाकी त्यांनी पत्र्याची केली आणि सांध्यांत डोंग्याला भरतात तशी तेलात कढवलेली राळ भरली. टाकी तलावात दाबून धरली. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. एकही बुडबुडा आला नाही.

“पन ह्याच्यात पानी थोडीच भरनार हाय, जी?” त्यांच्या बायकोने विचारलं.

“जे पान्याले रोकते, ते सगळ्याले रोकते.”

धान कापून झालं, बांध्या, म्हणजे धानाची शेतं, विमान पळवायला मोकळी झाली. आदल्या संध्याकाळीच त्यांनी टाकी भरून ठेवली. सकाळी विमान खरंच उठलं हो! मिस्त्रीणबाई लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. तलावावर गेल्यावर इंजिन दोनदा ठसकलं, गप्प झालं आणि विमान मिस्त्रींसकट पाण्यात गेलं. पेट्रोलने रातोरात राळ विरघळवली होती आणि ती नळीत चिकटून बसली होती, हे आम्हाला मागाहून कळलं.

डोंगे निघाले, पण तलाव मोठा. मधोमध एका जागी बुडबुडे येत होते. बाईंनी माझी बाही घट्ट धरली.

“येऊन राह्यले ना, भाऊ? बुडबुडे येऊन राह्यले ना?”

“येताहेत, बाई.”

डोंगे पोचायच्या आत बुडबुडे थांबले. बाईंनी माझी बाही मात्र सोडली नाही.

त्या तलावाकडे मी सहसा जात नाही. गेलोच, आणि एखाद्या माशाने बुडबुडा सोडला, तर पाय तिथेच थांबतात. मी दुसऱ्या बुडबुड्याची वाट पाहत उभा राहतो.