कन्हेरीचा कळप आणि आमचा कॉम्प्युटर

ज्या ऑफिसात एक कॉम्प्युटर आणि तीनशे मेंढ्या, तिथं किश्शांना काय तोटा! नव्वदच्या दशकात जळोचीला दोन खोल्यांत आमचं मेंढी सुधार केंद्र होतं. सुनंदा मॅडम संख्याशास्त्राच्या, मी डेटा एंट्रीला आणि कन्हेरी गावच्या कळपावर बिरूतात्या. वर एक साहेब. पण टीम म्हणाल तर आम्ही तिघंच, आणि काय टीम होती राव!

*

रजिस्टरात एका मेंढीची एक ओळ, पुढं बारा महिन्यांची वजनं आडवी. कॉम्प्युटरातल्या आकडेमोडीच्या पॅकेजला मात्र दर वजनाची वेगळी ओळ लागायची. आठवडाभर राबून मी आडव्याचं उभं केलं. साहेबांनी शेवटचा ओळ नंबर बघितला आणि थेट पुण्याच्या हेडऑफिसला फोन लावला, "कळप छत्तीसशेवर गेला!"

तात्या म्हणाले, "मग चारा बी तेवढा मागवा की!"

*

"तात्या, एकशेबारा नंबर आणा," मॅडम म्हणाल्या.

"नंबर न्हाय ठावं. कुणाची लेक, त्ये सांगा."

मॅडमनी त्याच दिवशी 'आई' असा रकाना वाढवला. पुण्याच्या पाहुण्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते त्याच रकान्याचं!

*

एकदा पैदाशीला दहा नर ठेवायचे होते, बाकीचे बाजारात. वजनांच्या रकान्यात एके ठिकाणी कुणीतरी (मीच!) 'आजारी' असं टाइप केलेलं. पॅकेजनं अख्खा रकाना शब्द म्हणून घेतला. मी तो घाईत आकड्यांत बदलला, ठेवायच्या दहांची यादी छापली. बाकीच्यांचा टेम्पो भरला. मी यादी वाचायला लागलो, तसे तात्या टेम्पोपुढं आडवे उभे राहिले.

"ह्यो पयला? आरं, नऊ किलोचं लंगडं हाय त्ये! आन् माझा अठ्ठावीस किलोचा काळतोंड्या बाजारात?"

"तात्या, कॉम्प्युटर चुकत नसतो," साहेब म्हणाले.

मॅडमनी ड्रायव्हरला थांबवलं आणि फाइल उघडली. पॅकेजनं वजनं शब्दकोशासारखी लावून त्यांना नुसते अनुक्रम दिले होते. अठ्ठावीसमधला दोन आधी, नऊ सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्यात मोठा! मॅडमनी खरी वजनं परत आणली, नवी यादी काढून टेबलावर पालथी ठेवली.

"तात्या, तुमचे दहा सांगा."

तात्यांनी आया सांगत सांगत दहा सांगितले. मॅडमनी कागद उलटला. दहाच्या दहा जुळले! मला तर रडूच आलं.

यादीखालच्या 'तपासणार' या शब्दापुढं मॅडम नेहमी स्वतः सही करायच्या. त्या दिवशी त्यांनी शाईचा पॅड तात्यांपुढं सरकवला.

अंगठा तसाच वर धरून तात्यांनी विचारलं, "आदी सांगा, काळतोंड्या खाली उतरवला का न्हाय?"