निकाल राह्यला

बातमी आली तेव्हा मी सातवीच्या वर्गात काळ शिकवत होते. भूतकाळ म्हटलं की मागच्या बाकावर दरवर्षी कुणीतरी खुदकतंच, त्या दिवशीही खुदकलं, अन् मी डोळे वटारणार एवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. तासाला मी फोन घेत नाही. पण तो मंगळवार होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे संघूच्या डायलिसिसचे दिवस, अन् त्या दिवशी मी कुणाचाही फोन घ्यायची, अगदी सिमकार्ड विकणाऱ्यांचासुद्धा. बाबा होते, चंद्रपूरच्या दवाखान्यातून. "बेबी, तू ये," म्हणाले. मी विचारलं, "काय झालं? बीपी पडला का?" "पडला होता..." बाबा म्हणाले, अन् फोन ठेवला. पडला होता. तीस पोरींना काळ शिकवणाऱ्या बाईला ते 'होता' कळायला किती वेळ लागावा? मला लागला. मी पर्स घेतली, हजेरीपट घेतला अन् तो हजेरीपट छातीशी धरून वणीच्या स्टँडवर चंद्रपूरच्या गाडीसाठी उभी राहिले. गाडीत बसल्यावर कंडक्टरनं विचारलं, "कुठं मॅडम?" तर मी त्याच्यापुढे हजेरीपट धरला.

संघू म्हणजे संघपाल, माझा धाकटा भाऊ. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, एकोणचाळीस पुरी व्हायची होती. मी वणीत, तो अन् बाबा राजूरला. पोटासाठी तो कोळशाच्या ट्रकच्या वजनकाट्यावर बसायचा. पण त्याला ओळखणारे हजारो लोक होते, अन् त्यांनी त्याचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं. तो व्हिडिओ गेम खेळून त्यांचा निकाल द्यायचा. फोनवर ऐकता येईल असं दहा-पंधरा मिनिटं बोलायचं, रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायचं, बस. सुरुवात ठरलेली: "जयभीम, राम राम, सलाम. मी राजूरचा संघू. आज एका गेमचा निकाल हाये." अन् शेवटी तीनपैकी एक निकाल. "खेळाच." "सवड असन त खेळा." आणि तिसरा, सगळ्यात वाईट, "राहू द्या." तो 'राहू द्या' असा म्हणायचा, की जणू हा पाहुणा आहे अन् कुणी त्याला तिसऱ्यांदा कडू चहा देतंय. नियम एकच: शेवट पाहिल्याशिवाय निकाल नाही. मी चिडवायची, "अरे, पहिल्या घासाला भाजी खारट कळते, अख्खी कढई खावी लागते का?" तर म्हणायचा, "मंग तू पोरीयचा पेपर पयल्या प्रश्नावरच तपासत जा ना वं ताई!"

माझी चूक इथूनच सुरू होते, आणि ती मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. मी मराठीची बाई. पहिल्यांदा त्यानं बोलायचं लिहून माझ्यापुढे ठेवलं, तर माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. 'मले'चं 'मला'. 'काहून'चं 'का'. आणि 'राह्यला' तर मी ढेकूण मारावेत तसे मारले. 'शत्रू येऊन राह्यला', काट, 'शत्रू येत आहे'. 'बर्फ पडून राह्यला', काट, 'बर्फ पडत आहे'. तो कुरकुरला. "ताई, 'येत आहे' म्हटलं का वाटते तो कुठंतरी दूर हाये, पुस्तकात. 'येऊन राह्यला' म्हटलं का त्याचे बूट आयकू येतेत." मी म्हटलं, "पुण्या-मुंबईचे लोक ऐकतात, हसतील तुला." त्यानं माझ्याकडे पाहिलं... आणि माझं ऐकलं. मोठी बहीण ना मी! जुने सगळे निकाल पुन्हा शुद्ध मराठीत बोलायला लावले, आधीचे काढून टाकायला लावले. त्यानं काढले. आज ते ऐकायला बसते तर बातम्या वाचणारा कुणी परका माणूस बोलतो. माझा भाऊ त्यात नाही. मीच त्याला त्यातून काढून टाकलं, एकेका शब्दानं.

दोन वर्षांपूर्वी दोन्ही किडन्या गेल्या. माझी चालली असती, तर मला शुगर. बाबांचं वय. आम्ही दोघांनी तपासण्या केल्या, दोघांनाही नापास केलं, अन् संघू म्हणाला, "घ्या, मास्तरीनबाईच फेल!" हसवायला म्हणाला होता. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. डाव्या हातावर सुयांची गाठ आली, हात जड पडायचा, पण सोमवार, बुधवार, शुक्रवार तो खेळायचाच. शेवटचा गेम घेतला तो लढाईचा. नाव सांगत नाही, कारण त्याचा निकाल अजून लागलेला नाही. बर्फाळ मुलुखातलं जुनं महायुद्ध, आपण एक शिपाई, आपल्याला आपले फक्त दोन हात अन् बंदूक दिसते, अन् समोरून जे शत्रू येतात ते मेलेले. दिवसा पडलेले शिपाई अंधार झाला की उठतात. त्यांना पुन्हा गोळ्या घालायच्या, असा तो खेळ.

आमच्या घरात भुताला जागा नाही. आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यासोबत भुतंखेतंही गेली. बाबा तर खाणीतले, आयुष्य जमिनीखाली काढलेलं. वस्तीत कुणी सांगायचं, अमक्या बोगद्यात मेलेल्याचा दिवा दिसते. बाबा म्हणायचे, "मले खाली पानी दिसलं, गॅस दिसला, छत बसतानी दिसलं. भूत काई दिसलं नाई. त्याले आमच्यासंगं डबा खावा लागला असता." या गेममध्येही एक कोळशाची खाण होती, तर संघूनं बाबांना परीक्षक म्हणून शेजारी बसवलं. बाबा चष्मा लावून दहा मिनिटं पाहत राहिले. पडद्यावर अंधारातून मेलेले धावून येताहेत, संघू धडाधड गोळ्या झाडतोय, आणि बाबा म्हणतात, "थांब, थांब. हा टेकू पाह्य. असा टेकू लावला त अर्धी खान खाली येईन. कोनत्या गधड्यानं लावला?" संघू हसता हसता मेला, म्हणजे गेममध्ये. पुढे निकालात त्यानं ते जसंच्या तसं घेतलं: "माह्या बाबानं सांगतलं, भुताचं नंतर पाहू, पयले टेकू दुरुस्त करा."

पण जसजसा पुढे गेला तसा तो गप्प होत गेला. एका बुधवारी मी गेले तर गेमचा रिमोट मांडीवर अन् हा नुसता पाहतोय. म्हणाला, "ताई, बर्फ मस्त हाये. बंदुकीचा आवाज असली. पन या मेलेल्यायचं तोंड पाह्य. सगळ्यायचं एकच! लढाईत मेलेले काय एकाच मायचे असतेत?" मग पडलेल्या एका शिपायाजवळ गेला, खिशातली चिठ्ठी उघडली. घरी लिहिलेली. संघू अशी एकेक चिठ्ठी वाचायचा, त्याला त्याचे गुण मिळायचे नाहीत तरी. "हा उठला, चालून राह्यला, खिशात घरचा पत्ता हाये. अन् मले हा गेम म्हनते, घाल गोळी. कायले? घरी सांगा ना बावा त्याच्या! बसवा, चहा पाजा. आपली माय उठून आली त मी तिले गोळी घालीन काय वं?" आई जाऊन अकरा वर्षं झाली. मी चहाच करायला उठले.

हा निकाल त्यानं अर्धा बोलून ठेवला, अन् मला दाखवला नाही. "यावेळी तुहा लाल पेन नाई चालनार. जसा बोलतो तसाच जाईन." मी फुगले. खोटं कशाला सांगू, चांगली आठवडाभर फुगले. शेवटच्या सोमवारी संध्याकाळी गेले तेव्हा तो शेवटच्या टप्प्याशी आला होता. बाबा म्हणाले, आता संपवूनच टाक. तर म्हणे, "हात भरून आला. उद्या मशीनवरून आलो का संपवतो, मंग निकाल." टीव्ही बंद केला. मला फाटकापर्यंत सोडायला आला अन् म्हणाला, "अजून रागावून राह्यली काय?" मी म्हटलं, "राह्यली नाही. 'रागावली आहेस का' म्हण." हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं. शेवटचं! दुरुस्ती!

पुण्यानुमोदन झालं, त्याच्या नावानं वंदना झाली, लोक आले, गेले. शेजारची बाई हळूच म्हणाली, जीव घुटमळत असेल हो त्याचा. एरवी मी तिला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी न्हाणीघरात कडी लावून, नळ सोडून, म्हटलं, "ये रे. भूत होऊन ये. कसाही ये, ते एकाच तोंडाचे येतात तसा ये, मी काही म्हणणार नाही." बौद्धाची लेक मी, खाणकामगाराची लेक. नळ वाहत राहिला, टाकी रिकामी झाली. कोणी आलं नाही. मला काही सुचत नाही, सहा आठवडे झाले, वर्गात 'भूत' हा शब्द फळ्यावर लिहिता येत नाही.

त्याचा अर्धा निकाल मी जसा होता तसा लोकांपर्यंत जाऊ दिला. एकही अक्षर काटलं नाही, फक्त शेवटी तो गेल्याचं सांगितलं. लोकांनी लिहिलं, रडले, आणि मग हळूहळू विचारू लागले: ताई, शेवट कसा आहे? खेळू की नको? त्या बिचाऱ्यांचं बरोबरच होतं. मला वाटलं, निदान एवढं तरी करावं. शेवट पाहावा, त्याच्या वतीनं निकाल द्यावा, त्याचं काम अडकून राहू नये. एका रविवारी दुपारी मी राजूरला त्याच्या खोलीत रिमोट हातात घेतला. पन्नाशीला टेकलेली बाई, मला फोनवर सापशिडी जमत नाही! गेम उघडला तर संघू जिथे थांबला होता तिथेच मी उभी. पडक्या बराकीच्या भिंतीआड, जिथे मेलेले येत नाहीत. दोन पावलं पुढे गेले अन् मेले. पुन्हा भिंतीआड. पुन्हा मेले. बाबा मागून, "डावीकडे, बेबी, डावीकडे!" तीन रविवार मी मरत होते. आणि मरणं बरं वाटू लागलं होतं, कारण दरवेळी गेम मला उचलून त्याच्या जागी आणून सोडायचा.

चौथ्या रविवारी त्यांच्यातून पार निघाले. कसं ते मलाही माहीत नाही, डोळे मिटून घोडा दाबत सुटले असेन. शेवटचं लोखंडी दार समोर आलं. हात लावला तर पडद्यावर इंग्रजीत विचारलं: इथून पुढे गेलात तर आधीची जागा पुसली जाईल, मागे येता येणार नाही. जायचं? हो की नाही? माझा अंगठा 'हो'वर. पलीकडे शेवट, अन् निकाल. अलीकडे ती भिंत. आधीची जागा. त्यानं सोमवारी संध्याकाळी स्वतःच्या जड हातानं येऊन गाठलेली, 'उद्या' म्हणून ठेवलेली. ह्या अख्ख्या जगात त्याची एवढी एकच जागा उरली होती, अन् ती पुसायला पुन्हा मीच बसले होते, दुरुस्ती करायला.

मी मागे वळून बाबांकडे पाहिलं. बाबांना इंग्रजी येत नाही, मी वाचून सांगितलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "राहू दे."

मी 'नाही' दाबलं. बाहेर पडून गेम पुन्हा लावला, पुन्हा तीच भिंत, तोच बर्फ. तेव्हा निकाल विचारणाऱ्या संघूच्या सगळ्या मित्रांनो, माफ करा, निकाल राह्यला. तो आता लागणार नाही. मी रिमोट खाली ठेवला अन् टीव्ही बंद करायला उठले, तर बाबा एकदम म्हणाले, "बंद नको करू." पडद्यावर काही होत नव्हतं. बटण दाबलं नाही की तो शिपाई नुसता उभा असतो. दोन हात, त्यातली बंदूक जराशी वर जाते, जराशी खाली येते, थंडीत तोंडाची वाफ दिसते, जाते, पुन्हा दिसते. मी इतके रविवार मरण्याच्या घाईत ते पाहिलंच नव्हतं. बाबा पाहत होते. आयुष्यभर भुताला नाही म्हणणारा माझा बाप खुर्ची पुढे ओढून बसला, अन् बोट दाखवून म्हणाला,

"पाह्य बेबी... श्वास घेऊन राह्यला."

हो बाबा, मी म्हटलं. घेऊन राह्यला.