चुंबळीवरचं हेल्मेट

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या बहिणीच्या डोक्यावर. वेळ: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, सकाळी साडेअकरा. ठिकाण: गोंदियाच्या बाजारातलं हेल्मेटचं दुकान. ती मोटरसायकलवरून पडली ती त्यानंतर अठरा दिवसांनी, आमच्या मुर्री गावच्या वळणावर. तरी मी वेळ दुकानाचीच लिहितो.

मला पत्रकं लिहायची सवय आहे. रस्ता, रेशन, एसटीची बंद झालेली फेरी, विषय काहीही असो, पहिल्या ओळीत अन्याय कोणावर आणि कधी, दुसऱ्या ओळीत तो कोणी केला, शेवटी मागणी. या खेपेला दुसरी ओळच जमत नाही. चार वेळा लिहिली, चार वेळा खोडली.

बहीण कंत्राटी नर्स आहे. तिला तिरोड्याच्या पुढचं उपकेंद्र मिळालं आणि मुर्रीहून एकही बस ड्यूटीच्या वेळेला पोचेना. चार वेळा उशीर झाला तर कंत्राट जातं, हे तिला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. म्हणून जुनी मोटरसायकल घ्यायचं ठरलं. चालवणार ती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जागोजागी लोक ते विसरले.

विकणारा तिरोड्याच्या वीज प्रकल्पात ठेक्यावर कामाला होता, गाव सोडून चालला होता. मी आरसी बुक घेऊन चेसिस नंबर ताडून पाहत होतो, विम्याची तारीख विचारत होतो, आणि तो सगळी उत्तरं मलाच देत होता. मायलेज मलाच सांगितलं, टायर मलाच दाखवले. बहिणीने तेवढ्यात इंजिनाला हाताची पाठ लावून पाहिली.

"गरम हाये," ती म्हणाली. "आमी यायच्या पयलेच चालू करून ठेवली न तुमी?"

तो हसला. "दीदी को तो सब मालूम है."

मला मालूम नव्हतं. थंड इंजिन किती किकमध्ये उठतं यावरच जुन्या गाडीची तब्येत कळते, हे तिने मला तिथेच कडुलिंबाखाली बसून समजावलं. तासभर गाडी थंड होऊ दिली, मग स्वतः किक मारली. दुसऱ्या किकला उठली, धूर नाही. तिने मान हलवली आणि व्यवहार झाला.

विकणाऱ्याने वापरलेलं हेल्मेट फुकट देऊ केलं. मी त्याला भाषणच दिलं. जुन्या हेल्मेटचा फोम दबलेला असतो, ते कधी आपटलंय कोण जाणे, माझ्या बहिणीचं डोकं काय भंगारात काढलंय का? मी तिच्यासाठी नवं घेणार होतो, आयएसआय मार्काचं. हा आवेश माझा. पुढची चूकही माझीच, असं कधी वाटतं. कधी नाही वाटत.

गोंदियाला आलो तेव्हा कळलं की गाडीचं हँडल लॉक लागत नाही. बहीण म्हणाली, तू हो पुढे, मी गाडी राखते. मी आत गेलो, मार्क पाहिला, हेल्मेट डोक्यात घातलं. एकदम बरोबर. दुकानदाराने विचारलं, "किसके लिए है?" बहिणीसाठी, म्हणालो. "तो बहन को बुला लो." मी म्हणालो, सख्खी बहीण आहे, दोघांचं डोकं एकच. त्या बिचाऱ्याने हेल्मेट खोक्यात भरलं. माझे केस बोटभरसुद्धा नाहीत आणि तिची वेणी मनगटाएवढी जाड, हे माझ्या त्या एकाच डोक्यात आलं नाही.

घरी हेल्मेट तिच्या कपाळावर रुतलं. मी म्हटलं, नवं आहे, बसेल हळूहळू. तीन दिवस ती ड्यूटीवरून कपाळावर लाल वळ घेऊन आली. चौथ्या दिवशी आईने जुन्या लुगड्याची चुंबळ वळली. आईने जन्मभर धानाचे भारे डोक्यावरून वाहिले. तिच्या हिशेबी डोक्यावर काही ठेवायचं तर आधी चुंबळ लागते. बहिणीने ती टाळूवर ठेवली, वरून हेल्मेट. कपाळ सुटलं. हेल्मेट मात्र चार बोटं वर उचललं गेलं आणि पट्टा हनुवटीला पुरेना. पट्टा तसाच लोंबत राहिला.

मी काय केलं? कौतुक केलं. कंपनीच्या इंजिनिअरला जे सुचत नाही ते आपल्या आयांना सुचतं, असं आमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत बोललोसुद्धा.

मुर्रीच्या वळणावर पावसाने बजरी, म्हणजे बारीक खडी, वाहून आणली होती. गाडी हळूच होती, घसरली. बहिणीच्या आधी हेल्मेट पडलं. ते आणि चुंबळ रस्त्याकडेच्या धानाच्या बांधीत जाऊन बसली, ओरखडा नाही. बहिणीच्या भुवईवर तीन टाके.

त्या आठवड्यात मी बजरीविरुद्ध पत्रक लिहिलं. मग हेल्मेट बनवणाऱ्यांविरुद्ध. ते वाचून दाखवत होतो तेव्हा आई दारात बसून रडत होती, चुंबळ मीच वळली म्हणत होती. मी तिला सांगत होतो की हा व्यवस्थेचा दोष आहे. कोणत्या व्यवस्थेचा, ते मलाच सांगता येत नव्हतं. दुकानदाराने तर विचारलं होतं. आईने तर मायेने केलं. मग करणारा कोण?

बहिणीने पट्टी बांधलेल्या डोक्याने कागद माझ्या हातातून घेतला.

"काऊन बे, एवढं लिहून राहिला," ती म्हणाली. "डोक्सं कोनाचं हाये, मले विचारलं का कोनी?"

विचारलं नाही, हे खरं. पण तिनेही तीन दिवस वळ घेऊन सहन का केलं? हे विचारायची हिंमत झाली नाही, आणि विचारायचा हक्क आहे की नाही तेही कळत नाही.

टाके निघाल्यावर ती त्याच दुकानात गेली. वेणी मानेवर खाली बांधून गेली. सहा हेल्मेटं घालून पाहिली. गाल चांगले दाबले जातात का, पट्टा लावून पुढे ओढलं तर निघतं का, हे पाहिलं. सातवं घालून स्टुलावर बसली आणि पंधरा मिनिटं उठलीच नाही. दुकानदाराने चहा मागवला. मी काचेतून पाहत होतो. काढलं तेव्हा कपाळ कोरं होतं.

दुसरी ओळ अजून कोरीच आहे. मागणी मात्र तयार आहे, आणि ती तुमच्याकडे आहे. तुमच्या घरात गाडीवर बसणारी जी कोणी बाई आहे, तिला आज हेल्मेट घालायला सांगा. पट्टा लावू द्या, पंधरा मिनिटं थांबा आणि मग विचारा, कुठे दाबतं. दाबत असेल तर उद्याच तिला दुकानात न्या. तिला आत पाठवा, आणि तुम्ही बाहेर गाडी राखत उभे राहा.