रांजण भरलेला होता

ही केस मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. जिंकलेल्या केसेस ज्युनिअर पोरांना रंगवून सांगायची मला सवय होती. ही मी जिंकली होती, तरी दर वेळी वगळत आलो. आता वकिली सुटली, नजरही गेल्यासारखीच आहे. म्हणून नातीला सांगून लिहून घेतो आहे.

नामांतराचा वाद धुमसत होता त्या वर्षांतली गोष्ट. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर एका ट्रस्टचा वृद्धाश्रम होता. मी त्या ट्रस्टचा वकील. ऐन उन्हाळ्यात तिथले लिंबाजीआबा ऊन लागून गेले. त्यांची मुलगी सुमनबाई गंगाखेडला प्राथमिक शाळेत शिक्षिका. ही माणसं बौद्ध. राणीसावरगावकडचं त्यांचं घर दंगलीत जाळलं होतं, तेव्हापासून म्हातारा मुलीकडे असायचा. बाईंचं औरंगाबादला ऑपरेशन ठरलं. घरी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून उन्हाळ्यापुरतं त्यांनी वडिलांना आश्रमात ठेवलं. टाके काढून परत आल्या तेव्हा माती होऊन गेली होती.

त्यांनी ट्रस्टवर दावा लावला. कायदा यात सोपा आहे. ज्याला तुम्ही सांभाळायला घेता, त्याच्या सावलीची, पाण्याची, औषधाची जबाबदारी तुमच्यावर येते. त्यात हयगय झाली आणि त्या हयगयीनंच माणूस गेला, हे दोन्ही सिद्ध झालं तर संस्था दोषी. कोर्टाबाहेर तडजोडीचं मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "पैसा नको, वकीलसाहेब. चूक कुणाची, तेवढं कोर्टानं लिहावं."

मी आश्रम बघायला गेलो. पत्र्याची लांब खोली, पुढं ओसरी. ओसरीच्या एका टोकाला मोठा रांजण, वर झाकण, झाकणावर पाणी काढायचं लांब दांड्याचं वगराळं. पत्रे इतके तापलेले की खोलीत उभं राहवेना. व्यवस्थापक गणपतराव सोबत होते.

"दुपारी सगळे आत निजतात, साहेब. आबा तेवढे इथं ओसरीवर बसायचे, खांबाला टेकून."

"रांजण तर इथंच आहे."

"इथंच हाय की. काठोकाठ भरलेला व्हता त्या दिवशी. मीच भरून घेतला सकाळी."

"मग प्याले का नाहीत?"

गणपतरावांनी इकडंतिकडं बघितलं. "आता तुमाला काय सांगायचं, साहेब. बाकीचे आपल्या हातानं घेत्यात. आबांसाठी रांजणात वगराळं वाढपीच घालायचा. आबा आपला तांब्या खाली धरायचे, तो वरून वतायचा. आमी कुणी म्हणलो न्हाई तसं. पैल्या दिवशी त्यांनीच तांब्या खाली धरला. जुनं माणूस. मग तशीच रीत पडली."

"आणि वाढपी?"

"पाथरीला लग्नाला गेलता."

"वाढपी नसला तर आबांनी काय करायचं?"

"थांबायचं," गणपतराव म्हणाले.

ते हे सहज बोलले, ट्रेनची वेळ सांगावी तसे. आबा सापडले तेव्हा तांब्या त्यांच्या मांडीशी होता. कोरडा.

संध्याकाळी ट्रस्टचे अध्यक्ष भाऊसाहेब माझ्या ऑफिसात आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे पान लावत होते.

"वकीलसाहेब, आपण कुणाला पाण्याला न्हाई म्हणलं का?"

"नाही."

"रांजण येगळा ठेवला का?"

"नाही."

"मग? म्हाताऱ्यानं हात लांब केला न्हाई, त्याला आमी काय करावं? दिवस कसले चाललेत, बघताय ना. त्यात हे काढू नका." जाताना दारातून वळून म्हणाले, "तुमी केस लढवा. समाज सुधारायचं काम तुमाला दिलेलं न्हाई."

मी केस लढवली.

एक गोष्ट माझ्या पथ्यावर पडली. सुमनबाईंच्या वकिलानं दाव्यात तापलेले पत्रे, पंखा नाही, डॉक्टरला उशिरा बोलावलं, एवढंच लिहिलं होतं. पाण्याच्या रीतीचा शब्द नव्हता. वातावरण बघून तोही भ्यालेला असणार. आणि कोर्टाचा नियम असा की जे दाव्यात लिहिलेलं नाही, त्याचा पुरावा देता येत नाही. हा नियम चांगला आहे. समोरच्यावर ऐनवेळी नवा आरोप होऊ नये म्हणून केलेला आहे.

बाई साक्षीला उभ्या राहिल्या. मी उलटतपासणी सुरू केली.

"तुमच्या वडिलांना चालता येत होतं?"

"येत होतं."

"रांजण ओसरीवरच होता ना?"

"होता."

"भरलेला?"

"तसं सांगतात."

"आश्रमातल्या कुणी त्यांना पाणी घेऊ नका म्हटल्याचं तुम्ही ऐकलंत?"

"मी दवाखान्यात होते."

"म्हणजे ऐकलं नाही."

बाईंनी कठड्यावरचा हात काढला. "आमचे आबा रांजणाला हात लावत नव्हते. का लावत नव्हते, ते तुम्हालाही ठाऊक आहे, वकीलसाहेब. मीच त्यांना सांगून गेले होते, परक्या ठिकाणी कुणाशी वाद घालू नका म्हणून."

मी उठलो. हा मुद्दा दाव्यात नाही, तो नोंदवू नये, असं म्हणालो. त्यांचा वकील खाली बघत राहिला. न्यायाधीशांनी माझी हरकत मान्य केली. बाईंचं ते बोलणं कागदावर आलंच नाही. माझं पुढचं वाक्य होतं, "आणखी काही विचारायचं नाही."

दावा फेटाळला. पिण्याचं पाणी मयताच्या आवाक्यात होतं, सबब संस्थेनं कर्तव्यात कसूर केली नाही, असं निकालात आलं. 'आवाक्यात' हा शब्द माझ्या युक्तिवादातला.

पुन्हा असं झेंगट मागं लागू नये म्हणून ट्रस्टनं माझा सल्ला घेतला. रांजणावर पाटी लागली: 'पिण्याचे पाणी सर्वांसाठी खुले आहे.' मजकूर मीच दिला. पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर पाटी होती आणि वाढपीही होता. एक म्हातारी तांब्या खाली धरून बसली होती.

काही वर्षांनी गंगाखेडहून येताना एसटीत सुमनबाई भेटल्या. उभ्या गर्दीत त्यांनी मला ओळखलं, मांडीवर पिशवी घेतली आणि जागा केली.

"बसा, वकीलसाहेब. लय ऊन आहे."

मी बसलो. काय बोलायचं ते माझं कितीतरी दिवसांपासून ठरलेलं होतं. घसा कोरडा पडला होता. बाईंनी ते बघितलं असावं. पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढं धरली.

"घ्या."

"नको, आहे माझ्याजवळ," मी म्हणालो.

माझ्याजवळ पाणी नव्हतं. त्यांच्या हातचं पाणी प्यायची माझी लायकी नाही, असं वाटून मी नको म्हणालो. पण त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. बाटलीचं झाकण लावलं, ती पिशवीत ठेवली आणि परभणी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

बाई आता नाहीत. मला एवढंच म्हणायचं होतं: बाई, मला ठाऊक होतं. तुमचं खरं होतं. मला माफ करा.