आधी शेंगा सोला

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात 'नाही' हा शब्द ऐकू न येणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडभाऊ म्हणून आला. कान तसे ठणठणीत. फाट्यावर येणारी एसटी कोणता ड्रायव्हर चालवतोय, हे हॉर्नवरून सांगतात. पण 'हे काही होणार नाही' असं म्हणून बघा. भिंत बोलली असावी तसे तुमच्याकडे पाहतात. भाऊ भाजी पिकवतात आणि देवळीच्या अलीकडच्या फाट्यावर, कडुनिंबाखाली पोतं अंथरून स्वतःच विकतात. अडचण आली की आधी एकटेच विहिरीवर जातात, मोटार लावतात आणि डोक्यात येईल ते मोठ्यानं बोलत सुटतात. रानडुकरांनी वांगी उकरली तेव्हा 'वावरात रोज वरात काढावी', 'डुकरांनाच राखणीला ठेवावं' असले उपाय मी तिथं ऐकलेत. मी हसलो, तर म्हणाले, "मोटारीचं पयलं पाणी गढूळच येते, बापू. थे जाऊ द्या लागते."

एकट्यानं भागलं नाही की माणसं बोलावतात. अंगणात तुरीच्या शेंगांचा ढीग घालतात आणि येईल त्यानं आधी सोलायला बसायचं. प्रत्येकानं काहीतरी सुचवायचं, कितीही खुळं असो. आणि जो 'नाई होत' म्हणेल, त्याच्यापुढे आणखी शेंगा. "हात रिकामे असले का तोंड नाई म्हणते," हे त्यांचं शास्त्र. मी विमा विकतो, म्हणजे आयुष्यभर काय काय वाईट होऊ शकतं हेच सांगत आलो. त्यामुळे त्या अंगणात सगळ्यात मोठा ढीग कायम माझ्यापुढे. आमच्या घरी सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, विकत आणावे लागत नाहीत, ते याच कारणानं.

मागच्या हिवाळ्यात एका नव्या साहेबानं फाट्यावरची भाजी हटवायचं ठरवलं. गावामागच्या शेडमध्ये बसा, म्हणाला. त्या शेडकडे बकऱ्यासुद्धा वाट चुकल्या तरच जातात. इथं जमिनीवर पोतं अंथरलेलं दिसलं की उचलून नेणार, अशी तंबी मिळाली. जागा गेली तर भाजी पुन्हा दलालाच्या दारात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंगण भरलं. कुणी म्हणालं मोर्चा काढू, कुणी म्हणालं साहेबाच्या बायकोला फुकट मेथी पोचवू. मी तीन वेळा 'नाई होत' म्हणून शेंगांत बुडालो होतो. शेवटी वैतागून बोललो, "मग पोतं अंथरूच नका. टोपली डोक्यावर घ्या अन् फिरत राहा दिवसभर."

मी टोमणा मारला होता. भाऊंचे हात थांबले. "आलं निर्मळ पाणी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सगळा बाजार कडुनिंबाभोवती गोल फिरू लागला. पुढे भाऊ, डोक्यावर वांगी; मागे गिऱ्हाइकं चालता चालता भाव करताहेत. कल्पना माझी म्हणून मला कोहळे दिले. एका बाईनं दोनदा प्रदक्षिणा घालून माझ्याकडून कोहळा घेतलाच नाही, तेव्हा विम्याचा धंदा किती सोपा आहे ते मला कळलं. साहेब जीपमधून बघत होता. उचलायला पोतंच नव्हतं. भाऊ त्याच्यापाशी थांबून म्हणाले, "साहेब, तुमी थकले का सांगजा. आमी फिरूनच राह्यलो." संक्रांत होईपर्यंत फिरलो. मग जीप यायची बंद झाली आणि पोती पुन्हा अंथरली गेली.

भाऊंचे गुडघे मात्र त्या फिरण्यात गेले. ऑपरेशन झालं आणि सध्या ते वर्ध्याजवळ सिंदी मेघेला आमच्या घरी आहेत. डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही म्हणून बजावलंय. खुर्ची घेऊन बसा, मी सुचवलं. "खुर्चीवर बसून भाजी विकाले मी काय साहेब हावो?" आणि शेंगांची पिशवी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "सांग बापू, कडुनिंबाखाली कसा बसू?"

'नाई होत' अगदी ओठावर आलं होतं. मी शेंग उचलली. झाडाला झोपाळा बांधू, म्हणालो. मग म्हणालो, खड्डा खणू, तुम्ही त्यात उभे राहा. भाऊ मान डोलवत, खिडकीतून देवळीच्या रस्त्याकडे बघत ऐकत होते. पिशवीतल्या शेंगा तळाला गेल्या होत्या, आणि पाणी अजून गढूळच येत होतं.